कुठल्या कंपनीची बॅटरी जास्त टिकते? नव्या गाडीवाल्यांसाठी ताडून बघायची रीत

माझी आणि नाशिकच्या ताईची गाडी एकाच मॉडेलची, एकाच दिवाळीत घेतलेली. कारखान्यातून बसवून आलेली बॅटरीही एकाच कंपनीची, त्याच आकाराची. माझी अकोल्यात दोन वर्षं दहा महिन्यांत मेली. ताईची पाच वर्षं सात महिने चालली, आणि तेव्हाही ती मेलेली नव्हती. गाडी सर्व्हिसिंगला गेली असताना "आता बदलूनच टाका" म्हणाले, म्हणून तिने बदलली. आता ही कंपनी कशी म्हणून कुणी विचारलं तर मी काय सांगू? माझ्या अनुभवाने टाकाऊ, ताईच्या अनुभवाने उत्तम.

पहिल्यांदा बॅटरी बदलायची वेळ आलेला माणूस चारचौघांना हेच विचारतो. कुणाच्या काकांची एक्साइड सात वर्षं गेलेली असते, ऑफिसातला मित्र ॲमरॉनशिवाय दुसरं नाव घेत नाही, आणि गॅरेजवाला जी दुकानात पडून आहे ती चांगली म्हणतो. पहिले दोघं खोटं बोलत नसतात. पण त्यांच्या अनुभवात बॅटरीच्या जोडीला गाव, पार्किंग आणि रोजचं चालवणं मिसळलेलं असतं, आणि ते वेगळं काढल्याशिवाय कंपन्यांची तुलना होत नाही. ते कसं काढायचं, ते मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो.

पायरी १: बॅटरी कशाने मरते ते समजून घ्या

पेट्रोल-डिझेल गाडीत असते ती शिसं आणि ॲसिडची बॅटरी. आत सहा कप्पे, म्हणजे सहा सेल. एकेक सेल साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडी वर दाखवते. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या जाळीवर लेप दिलेल्या प्लेटा असतात. ही बॅटरी म्हातारी होण्याच्या तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट उष्णतेची. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी हळूहळू गंजत जाते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आतल्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे आयुष्य निम्म्याकडे सरकतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. त्यात इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, वारा थांबतो, आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ आणखी चढते. माझी गाडी दुपारभर बँकेसमोर उन्हात असायची, ताईची सोसायटीच्या तळघरात. आमच्या दोन बॅटऱ्यांच्या आयुष्यातला बराचसा फरक तिथेच पडला असं मी आता मानतो.

आपल्याकडे समज उलटा आहे. गाडी थंडीत सुरू होत नाही म्हणून लोक थंडीला दोष देतात. खरं म्हणजे उन्हाळा बॅटरीला आतून पोखरतो आणि डिसेंबरची एखादी पहाट फक्त निकाल लावते. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त ताकद लागते, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी कमी ताकद देते.

दुसरी वाट अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्याची. बॅटरी करंट देते तेव्हा प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं, चार्ज होताना ते विरघळतं. लगेच चार्ज झाली नाही तर ते स्फटिक होऊन घट्ट बसतं आणि मग चार्ज करूनही सुटत नाही. आठवड्यातून एकदा देवळापर्यंत जाणारी गाडी या वाटेने मरते. "माझी गाडी फक्त नऊ हजार किलोमीटर चाललीय, तरी बॅटरी गेली!" असं म्हणणारे भेटतात. त्यातला "तरी" काढून तिथे "म्हणून" घाला.

तिसरी वाट हादऱ्यांची. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सैल असेल तर खड्ड्याखड्ड्याला प्लेटांवरचा लेप झडतो, तळाशी साचतो, आणि एक दिवस दोन प्लेटा आतल्या आत जोडल्या जातात. मेकॅनिक म्हणतो "सेल गेला". मीटर लावलं तर १०.५ च्या आसपास दिसतं, कारण सहापैकी पाचच सेल जिवंत असतात.

या तीन वाटांपैकी कंपनीच्या हातात किती आहे? जाळीचा मिश्रधातू, प्लेटची जाडी, लेपाची प्रत, मधले पडदे. हे सगळं महत्त्वाचं आहेच. ऊन, पार्किंग आणि पट्टी मात्र आपल्याकडे.

पायरी २: छाप आणि कारखाना वेगळे ओळखा

भारतात मोटारीच्या बॅटरीचा बाजार मुख्यतः दोन मोठ्या घरांत वाटलेला आहे. एक्साइड इंडस्ट्रीज ही कोलकात्याची कंपनी, १९४७ सालची. सध्याचं नाव तिने १९९५ मध्ये घेतलं. महाराष्ट्रात चिंचवड, तळोजा आणि नगरला तिचे कारखाने आहेत. दुसरं घर तिरुपतीच्या अमर राजाचं. कंपनी १९८५ ची, ॲमरॉन हा छाप २००० सालचा. जॉन्सन कंट्रोल्स ही अमेरिकी कंपनी २०१९ पर्यंत तिची भागीदार होती. ॲमरॉन आली तेव्हा तिचा जोर होता तो पाणी न लागणाऱ्या बॅटरीवर. आधीच्या बॅटऱ्यांच्या जाळीत अँटिमनी जास्त असे, त्यामुळे पाणी उडून जाई आणि महिन्या-दोन महिन्यांनी झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे. जाळीत कॅल्शियम वापरलं की पाणी फार कमी उडतं. आज सगळ्याच मोठ्या कंपन्या हे वापरतात, त्यामुळे त्या काळचा तो मोठा फरक आता उरलेला नाही.

एसएफ सोनिक वेगळी कंपनी समजून घेणारे पुष्कळ आहेत. तो एक्साइडचाच छाप आहे. एक्साइडने १९९८ मध्ये स्टँडर्ड बॅटरीजचा व्यवसाय घेतला, तेव्हापासूनचा तो वारसा. म्हणजे एक्साइडवर रागावून एसएफ घेतली तर पैसे त्याच घरात जातात. टाटा ग्रीन ही टाटा ऑटोकॉम्प आणि जपानच्या जीएस युआसा यांच्या भागीदारीतली बॅटरी, पुण्याजवळ रांजणगावला बनते. याशिवाय लिव्हगार्ड, बॉश, ओकाया अशी नावं दुकानात दिसतात.

परदेशात असाल तर आणखी एक घोळ लक्षात ठेवा. अमेरिकेतली एक्साइड आणि कोलकात्याची एक्साइड यांचं नाव एक असलं तरी कंपन्या वेगळ्या आहेत. तिकडचं परीक्षण वाचून इकडे बॅटरी घेऊ नका, आणि इकडचा अनुभव न्यू जर्सीच्या भाच्याला सांगू नका. त्याच्याकडे थंडीत सुरू होण्याची ताकद आधी बघतात. बॅटरीवर जो सीसीए हा आकडा असतो तो उणे १८ अंशांना मोजलेला करंट आहे. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, पण आकडा तुलनेला उपयोगी पडतो.

आता माझं मत. चार मोठ्या छापांतल्या एकाच पातळीच्या बॅटऱ्या, एकाच गावात, सारख्याच वापरात ठेवल्या तर त्यांच्या आयुष्यात मला पार्किंगच्या फरकाएवढा फरक दिसलेला नाही. फरक दिसतो तो एकाच कंपनीच्या वरच्या आणि खालच्या पातळीत. प्रत्येक कंपनी एकाच मापात दोन-तीन नावं विकते: एक स्वस्त, कमी वॉरंटीचं, आणि एक महाग, जास्त वॉरंटीचं. "मी अमुक कंपनीची घेतली, दोन वर्षांत गेली" असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, "त्यातली कुठली?" बहुतेकांना सांगता येत नाही.

आणि एक ठाम सूचना. गल्लीतल्या दुकानात अनोळखी स्टिकरची, हजार रुपयांनी स्वस्त, "कंपनीसारखीच" बॅटरी मिळते. आत कुठलं शिसं आणि कुठल्या प्लेटा आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ती घेऊ नका.

पायरी ३: आपल्या गाडीला लागणारी जातच घ्या

जुन्या बॅटरीवरचा क्रमांक फोनमध्ये फोटो काढून ठेवा. लहान पेट्रोल गाड्यांत ३८बी२०एल किंवा ३८बी२०आर असं काहीतरी असतं. ही जपानी पद्धत. ३८ हा ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं. एलच्या जागी आर आणली तर वायर पोचत नाही, आणि ताणून पोचवली तर हादऱ्यांत ती निसटते. युरोपीय बनावटीच्या आणि बऱ्याच नव्या गाड्यांत डीआयएन पद्धतीचे आकडे असतात. क्षमता ॲम्पिअर-अवरमध्ये लिहिलेली असते: लहान पेट्रोलला साधारण ३५, डिझेलला ६०-७०.

सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर तिला साधी बॅटरी चालत नाही. तिला ईएफबी किंवा एजीएम जातीची लागते. ही जात वारंवार थोडी उतरून थोडी चढण्यासाठीच बनवलेली असते. दुकानदार म्हणेल, "साधी बसवतो, दोन हजार वाचतील." वाचतील, आणि वर्षा-दीड वर्षात पुन्हा जातील. मग दोष येईल कंपनीवर. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हा लेख सोडू नये. मोठ्या बॅटरीच्या जोडीला तुमच्या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची असते, आणि ती उतरली की लाखोंची गाडी दारंसुद्धा नीट उघडत नाही.

पायरी ४: वॉरंटीचा आकडा फोडून वाचा

बॉक्सवर ठळक अक्षरात "४८ महिने" किंवा "६० महिने" असतं. तो एक आकडा नसतो, बेरीज असते. २४+२४ म्हणजे पहिले चोवीस महिने बॅटरी कारखान्याच्या दोषाने गेली तर बदलून फुकट, आणि पुढचे चोवीस महिने नव्या बॅटरीवर सूट. या दुसऱ्या भागाला प्रो-राटा म्हणतात, आणि नवखा माणूस फसतो तो इथे.

कारण सूट बहुधा छापील किमतीवर असते, आणि छापील किमतीने बॅटरी कुणीच विकत घेत नाही. समजा छापील किंमत ६,००० आणि बाजारात ती ४,८०० ला मिळते. प्रो-राटात तुम्हाला २० टक्के सूट बसली, म्हणजे १,२०० वजा. उरले ४,८००. शेजारच्या दुकानात वॉरंटी कार्डाशिवाय जाऊन तुम्हाला तीच किंमत पडली असती! म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना मी अधिक चिन्हाच्या आधीचाच आकडा धरतो. किंमत भागिले फुकट बदलीचे महिने. ४,२०० ची १८+१८ वाली महिन्याला २३३ रुपये, ५,४०० ची ३६+३६ वाली १५० रुपये. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्या दुकानातले घालून करा. कंपनीला स्वतःच्या मालाची किती खात्री आहे, हे त्या पहिल्या आकड्याइतकं दुसरं कशातून कळत नाही. चुकला तर तिचाच खर्च वाढतो.

दोन गोष्टी कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांत असतात. टॅक्सीसाठी वॉरंटी बहुधा कमी असते. आणि बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, मूळ खरेदीपासूनची उरलेली तेवढीच मिळते.

पायरी ५: दुकानात घाई करू नका

बॅटरी कपाटात पडल्यापडल्याही उतरते, उन्हाळ्यात जास्त वेगाने. सहा महिने पडून राहिलेली उत्तम कंपनीची बॅटरी घेण्यापेक्षा गेल्या महिन्यात बनलेली दुसऱ्या क्रमांकाची मला चालेल. उत्पादनाचा कोड बॅटरीवर ठोकलेला किंवा छापलेला असतो. प्रत्येक कंपनीची लिहायची पद्धत वेगळी, म्हणून सरळ विचारा: "भाऊ, ही कुठल्या महिन्याची? कोडवर दाखवा." तीन महिन्यांच्या आतली असेल तर निश्चिंत घ्या. गर्दीचं दुकान निवडा. तिथे माल फिरत राहतो. मला हे एकदा पैसे देऊन कळलं. एका दुकानदाराने धुळीचा हात पुसून काढलेली बॅटरी मी घेतली, त्याने कार्डावर तारीखही घातली नाही, आणि चौदाव्या महिन्यात ती बसली तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

तिथेच व्होल्ट मोजायला लावा. १२.५ च्या वर हवेत. १२.४ च्या खाली असेल तर "चालवलं की चार्ज होईल" हे ऐकून घेऊ नका. दुसरी मागा.

हातात धरून वजनही बघा. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांत जड असलेलीत साधारणपणे शिसं जास्त असतं. ही काही प्रयोगशाळेची कसोटी नव्हे, पण मी दुकानात दोन्ही उचलून बघतो आणि दुकानदाराला ते आवडत नाही.

वरच्या काचेच्या हिरव्या डोळ्यावर, ज्याला मॅजिक आय म्हणतात, फार विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलमधलं ॲसिड बघतो. बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं.

बिल पक्कं घ्या. त्यावर बॅटरीचा अनुक्रमांक आणि गाडीचा नंबर हवा. क्यूआर कोडने किंवा ॲपवर नोंदणी करायची असेल तर दुकानातच करून घ्या, घरी जाऊन राहते. जुनी बॅटरी तिथेच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती उत्पादकांच्या साखळीतून पुनर्वापराकडे गेली पाहिजे, आणि शिशाला भाव असल्यामुळे बिलात तिचे पैसेही वजा होतात. सूट "जुनी धरून" आहे की "जुनी सोडून" हे भाव ठरवण्याआधी विचारा. दोन दुकानांतला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

पायरी ६: बसवताना बघत उभे राहा

काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. उलट केलं आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघालेला असू शकतो. जवळ कुणी बिडी ओढत असेल तर त्याला लांब पाठवा. टर्मिनलवर पांढरा-निळसर क्षार साचला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासायचं, कोरडं करायचं, वायर घट्ट करायची, मग वरून व्हॅसलिनचा हात फिरवायचा. आधी व्हॅसलिन मग वायर असं नाही.

आता पट्टी. बसवणारा पोरगा नट हाताने फिरवतो आणि निघतो. बॅटरी हाताने हलवून बघा. हलली तर पाना लावायला सांगा.

आणि एक परमनंट मार्कर जवळ ठेवा. बॅटरीच्या वरच्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहा. तुमची तुलना इथून सुरू होते.

पायरी ७: तीन मोजमापं, तीन महिन्यांतून एकदा

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डायल डीसी २० व्होल्टवर, लाल काडी प्लसला, काळी मायनसला.

पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. चालवून आल्याआल्या मोजलं तर वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. आणखी एक बारीक गोष्ट: दार उघडलं की गाडीतले छोटे संगणक जागे होतात आणि आकडा खाली येतो. म्हणून बॉनेट उघडा, गाडी लॉक करा, पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या, मग मोजा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, आणि सल्फेट बसायला लागलंय. १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी.

दुसरं माप सेल्फ मारताना. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटरकडे बघायचं. आकडा क्षणभर खाली कोसळतो. ९.६ च्या खाली जात असेल आणि पहिलं माप चांगलं असेल, तर बॅटरी भरलेली आहे पण अंगात जोर नाही.

हे तिसऱ्या वर्षी मी स्वतः बघितलं. सकाळी १२.५, झकास. बॅटरीवाल्याने लोड टेस्टरचे, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून बघणाऱ्या यंत्राचे, दोन चिमटे लावले, बटण दाबलं. काटा हिरव्यातून पिवळ्यात आला, क्षणभर थांबला, आणि मोजून सात-आठ सेकंदांत लाल पट्ट्यात जाऊन पडला. तारा तापल्याचा वास आला. त्याने चिमटे काढले आणि म्हणाला, "भाऊ, हिच्यात आता काई नाई." मी त्याला मीटरचा साडेबाराचा आकडा दाखवत होतो. नुसत्या व्होल्टने टाकी भरलेली आहे एवढंच कळतं. टाकी किती लहान झालीय ते लोड लावल्यावरच.

तिसरं माप गाडी सुरू असताना. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. सतत १३ च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक अजूनही डायनमो म्हणतात, तो किंवा त्याचा पट्टा बघा. सतत १५ च्या वर असेल तर तो बॅटरी उकळतोय. अशा गाडीत कुठल्याही कंपनीची घाला, वर्षभरात जाईल. नव्या काही गाड्यांत मात्र संगणक चार्जिंग कमीजास्त करतो, त्यामुळे तिथे आकडा वरखाली दिसला तर लगेच घाबरू नका, दहा मिनिटं बघा.

हे तीन आकडे तारखेसह वहीत. मी गॅसच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितो.

मधेच उतरत असेल तर

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, रिमोट यांना थोडा करंट लागतो. २० ते ५० मिलिॲम्पिअर ठीक. ५० धरले तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-अवर झाले. ३५ ची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी. म्हणजे बिघाड काही नसताना, तुम्ही फक्त गणपतीला कोकणात जाऊन तिथेच रमलात म्हणून. त्यावर डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर लावला असेल तर आणखी लवकर. (फास्टॅगवर संशय घेणारे मला भेटलेत. तो स्टिकर बॅटरीतून काहीच घेत नाही.)

उपाय म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवणारे लोक आहेत. त्याने सेल्फला गेलेलं भरून येतं, त्यापलीकडे फारसं नाही. निम्मी उतरलेली बॅटरी भरायला बरेच तास लागतात, शेवटचे वीस टक्के तर फारच सावकाश चढतात. आठवड्याला एकदा तास-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर फिरवा. ते जमत नसेल तर तीन-चार ॲम्पिअरचा छोटा चार्जर रात्रभर लावा. महिनाभर बाहेर जाणार असाल तर काळी वायर काढून ठेवा.

झाकणं असलेली बॅटरी असेल तर पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि खुणेपर्यंतच. आरओचं किंवा एसीतून ठिबकलेलं नाही. ॲसिड तर कधीच घालू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

पायरी ८: दावा करायची वेळ आली तर

दुकानदार आधी बॅटरी एक-दोन दिवस चार्जिंगला ठेवून घेतो. चार्ज झाली आणि लोड झेलला तर "बॅटरी चांगली आहे, उतरली होती" म्हणून परत देतो. यात लबाडी असतेच असं नाही. उतरलेली बॅटरी म्हणजे कारखान्याचा दोष नव्हे, हे कार्डावर लिहिलेलं असतं. तुमच्याकडे वही असेल तर तिथे बोलणं वेगळं होतं: ऑल्टरनेटर १४.२ देतोय, गाडी रोज चालते, तरी सकाळी ११.९ दिसतं आणि गेल्या तिमाहीत १२.५ होतं. बसवणाऱ्या पोराला हे सांगून उपयोग नाही, कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे जा. बॅटरी घेतानाच आपल्या गावात कुठल्या कंपनीचा वितरक आहे हे बघण्याचं कारण हेच. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ऐंशी किलोमीटरवर दावा करायला लावणारी उत्तम बॅटरी काय कामाची?

वॉरंटी संपल्यावर मात्र पूर्ण मरायची वाट बघू नका. आपल्या हवेत तीन ते पाच वर्षं हे नेहमीचं आयुष्य. विदर्भ-मराठवाड्यातल्या उघड्या पार्किंगला तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, सावलीत राहणाऱ्या गाडीला चौथ्यानंतर, दिवाळीच्या आसपास एकदा लोड लावून घ्या. बहुतेक दुकानं फुकट करतात. सेल्फ मारताना आवाज जड येणं, हॉर्न मारला की दिवे मंद होणं, बॅटरीच्या कडा फुगलेल्या दिसणं, यातलं एक जरी दिसलं तरी दिवाळीची वाट नको.

मी गेल्या खेपेला तीच कंपनी पुन्हा घेतली. ताईनेही. माझी आता वरच्या पातळीची आहे आणि बँकेसमोरच्या कडुनिंबाखाली जागा मिळावी म्हणून मी पाऊण तास आधी निघतो. वहीतली या आठवड्याची नोंद, एकतीसाव्या महिन्याची: सकाळी १२.५८, सेल्फला १०.३, चालू गाडीत १४.१. कारखान्यातून आलेली या वयात सेल्फला ९.४ वर आली होती.